डाव्या आरशात कोणी नव्हतं

महाळुंगे, ९ जानेवारी २०२५

चि. पुनमला मालोजीमामाचा आशीर्वाद.

फोन करा म्हणून तू तुझ्या आईकडं, प्रभाकडं, निरोप दिलास. पण तुला ठाऊक हाय, प्रेसशॉपच्या धडधडीनं माझे कान खाल्ले. तू फोनवर बोलतीस ते मामीला ऐकू येतं आणि ती मला भलतंच सांगती. मोबाइलवर टायपायचं तर बोटं जाड, एक अक्षर दाबावं तर तीन उमटतात. तवा ह्ये पत्र. कंपनीच्या बसवरचा हिंदुराव ते डांगे चौकात चहाच्या टपरीवर ठेवील. उत्तर बी तिथंच दे, तो घेऊन येईल.

तुझ्या कंपनीनं बनवलेल्या मशीनचं सांगतो. आमच्या ट्रेनिंगच्या खोलीत ती नकली फोर्कलिफ्ट दिवाळीत बसवली. खुर्ची, स्टेअरिंग आणि डोळ्यांवर बांधायचा तो डबा. डबा बांधला की माणूस थेट गोडाऊनात, असं पोरं म्हणतात. मला बांधला तर गरगरायला लागलं, म्हणून मी बाहेर उभा राहून शिकवतो. पण भेटंल त्याला सांगतो की ह्यातले आरसे माझ्या भाचीनं केल्यात. साहेबलोकांना बी सांगून झालं. मामी म्हणती, आता पुरे करा.

आता अडचण. आमच्याकडं अनिता म्हणून एक बाई हाय, लातूरकडची. नवरा गेला, दोन पोरी हायत. पॅकिंगला पेट्या उचलून तिची कंबर कामातनं गेली. पॅकिंगची माणसं ठेकेदाराची, आज हायत उद्या न्हाईत. फोर्कलिफ्टवाला मात्र कंपनीचा कायम माणूस. म्हणून मीच तिला पुढं केली. आमच्या प्लांटात फोर्कवर बसणारी ती पहिलीच बाई. खरी गाडी ती झ्याक चालवती. पण कायम व्हायचं तर तुझ्या मशीनवर पास व्हावं लागतं, आणि तिथं गाडी मागं घेताना ती डाव्या बाजूच्या माणसाला उडवती. दोन टेस्टमधी नापास झाली. तिसरी गेली की संपलं, तसा नियमच हाय. विचारलं तर म्हणती, मामा, डाव्या आरशात कोणी नव्हतं.

असं कसं व्हईल? बाहेरच्या पडद्यावर आमाला सगळ्यांना तो माणूस उभा दिसत व्हता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तरी आरसा तुझा, म्हणून तुलाच इचारतो. त्यात माणूस दिसला न्हाई असं कधी व्हतं का?

तुझा,
मालोजीमामा


थेरगाव, १२ जानेवारी

ती. मामांना पुनमचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, वर चहाचा डागही मिळाला. हिंदुरावकाकांनी टपरीवाल्याला 'उत्तर आजच पाहिजे' असं बजावलं होतं, त्यामुळे तो रोज मला बघून मान हलवतो.

मामा, एका शब्दात उत्तर: नाही.

तुम्ही आरसे-आरसे म्हणून सगळीकडे सांगता, तर तो आरसा कसा होतो तेही ऐका. तुम्ही डिस्पॅचला होतात तेव्हा लाकडी पेट्यांवर पत्र्याचा छाप ठेवून नंबर मारायचात. अक्षराच्या भोकातून रंग पेटीवर जातो, बाकीचा पत्र्यावर राहतो. माझं काम तेच. आधी मी पडद्यावर आरशाच्या आकाराचा एक छाप उमटवते. तो कोणाला दिसत नाही, फक्त संगणकाला माहीत असतो. मग गाडीच्या मागचं सगळं चित्र उलटं करून रंगवायला घेते, आणि पडद्यावरचा एकेक ठिपका तपासला जातो, की तुझ्यावर छाप आहे का? असेल तिथेच रंग लागतो. त्यामुळे चित्र बरोबर आरशात बसतं, बाहेर सांडत नाही. याला स्टेन्सिल टेस्ट म्हणतात. डाव्या आरशासाठी एक छाप, उजव्यासाठी दुसरा.

हे मी इतक्या वेळा चालवून बघितलं आहे की झोपेतसुद्धा मला ते गोडाऊन दिसतं. माणूस मागे उभा असेल तर आरशात दिसतोच. मला वाटतं बाई घाबरून बघतच नाही, नाहीतर तिला चष्मा लागला असेल आणि ती सांगत नसेल. डोळे तपासून घ्यायला सांगा.

आमच्याकडे माणसं कमी केली आहेत. जे चौघं करायचे ते मी एकटी ओढते. म्हणून पत्र आखूड आहे, रागावू नका. मामींना नमस्कार.

तुमची,
पुनम


महाळुंगे, २० जानेवारी

चि. पुनम, आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं मी तिला म्हणलो, बाई, चष्मा लाव. सगळ्यांसमोर म्हणलो. पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून चाकणच्या दवाखान्यात गेली, डोळे तपासून आली आणि डॉक्टरची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. डोळे एकदम चांगले.

मंग तिसरी टेस्ट झाली. पुन्हा त्याच बाजूला, त्याच माणसाला उडवलं. डबा डोळ्यांवरनं काढला तर तोंड पांढरंफटक पडलेलं. आणि म्हणती काय, मामा, डाव्या आरशात माणूस नव्हता, तिथं लाल सिलिंडर दिसलं. आग विझवायचं ते लाल सिलिंडर तुझ्या गोडाऊनात उजव्या भिंतीला हाय. मी बाहेरच्या पडद्यावर रोज बगतो. उजव्या भिंतीचं सिलिंडर डाव्या आरशात कसं येईल? खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोलावं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला लई राग आला. तिच्यासाठी मी साहेबांकडं शब्द टाकला व्हता. शेवटी रिपोर्टात लिहायचं ते लिहिलं आणि विषय मिटवला. ती परत पॅकिंगला गेली. तुझ्या आरशावर आता कोणी बोट ठेवणार न्हाई, ह्ये कळवावं म्हणून लिहिलं.

मामी तिळाच्या वड्या पाठवती हाय. संक्रांत झाली तरी गोडच लागतात.

तुझा,
मालोजीमामा


थेरगाव, २१ जानेवारी

ती. मामा,

वड्या मिळाल्या. घाईत लिहिते.

ते लाल सिलिंडर. ती नक्की काय म्हणाली ते तिला पुन्हा विचारा. आणि हे बघून कळवा: गाडी मागे घेण्याआधी ती कशी बसते? मान कुठे असते? आधी कुठल्या आरशात बघते? बाकीचे लोक काय करतात? साधी गोष्ट वाटली तरी लिहा.

कारण सध्या विचारू नका आणि कोणाला काही बोलूही नका. आईलासुद्धा नको.

रिपोर्टात तुम्ही काय लिहिलंत?

पुनम


महाळुंगे, २५ जानेवारी

चि. पुनम, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामीनं विचारलं, पोरगी बरी हाय ना? मी म्हणलं, कामात असंल.

पॅकिंगला गेलो व्हतो. अनिता माझ्याकडं बगायलाच तयार न्हाई. पेटीकडं तोंड करून बोलती, आणि मला ओठ बगितल्याबिगर काय कळतंय? शेवटी मी पेटीच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. तिचं म्हणणं तेच. लाल सिलिंडर, आणि त्याच्या शेजारची पिवळी पट्टी बी दिसली म्हणती. एकदा न्हाई, तिन्ही वेळा. आधीच्या दोन वेळा का सांगितलं न्हाई म्हणलं, तर म्हणती, सांगितलं असतं तर तुमी हसला असता.

आता बसण्याचं. पोरं सगळी स्टेअरिंगवर ओणवी व्हतात. एकदा डावीकडं मुंडी, एकदा उजवीकडं मुंडी, की निघाली. मी पहिल्या दिवसापासनं सांगतो, बाबांनो, आधी पाठ टेकवा, डोकं मागं घ्या, दोन्ही आरसे एका नजरेत येऊ द्या, मंगच चाक हलवा. मलाही माझ्या उस्तादानं असंच शिकवलं, वजीरभाई म्हणून व्हते, देहूरोडचे. त्यांच्या हाताखालच्या कोणाच्या गाडीखाली कधी कोंबडी बी आली न्हाई. पण बहिऱ्याचं कोण ऐकतंय? ती एकटी ऐकती. पाठ टेकवती, डोकं मागं घेती, दोन्ही आरसे एका नजरेत आल्याबिगर गाडी हलवत न्हाई. शिकवलेलं तसंच्या तसं करणारी आख्ख्या बॅचमधी ती एकच हाय. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

रिपोर्टाचं कशापायी विचारतीस? ते आमच्या प्लांटचं काम हाय.

मालोजीमामा


थेरगाव, २ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

ती बाई खरं बोलत होती. तिला डाव्या आरशात लाल सिलिंडरच दिसलं. चूक माझी आहे.

तुमच्या भाषेत सांगते. डाव्या आरशाचा छाप उमटवला, डावीकडचं चित्र काढलं. आता तो छाप पुसून उजव्याचा उमटवायचा. पुसायची आज्ञा मी लिहिली आहे, ती जागच्या जागी आहे, म्हणूनच माझ्या कधी लक्षात आलं नाही. पण चित्र काढताना छाप बिघडू नये म्हणून मी त्याच्यावर एक कुलूप घालते. ते कुलूप काढायच्या आधीच मी पुसायला सांगितलं. आणि कुलूप असलं की संगणक पुसत नाही, आणि पुसलं नाही असं सांगतही नाही. गपचूप पुढे जातो. मग उजव्याचा छाप उमटतो, डाव्याचा तसाच राहतो, आणि उजवीकडचं चित्र दोन्ही आरशांत जाऊन बसतं.

एका वेळी एकच आरसा नजरेत असेल तर काही बिघडत नाही, कारण वेळ वाचावा म्हणून नजरेबाहेरचा आरसा संगणक काढतच नाही. तुमची पोरं मुंडी फिरवून एकेक आरसा बघतात, मीही माझ्या खुर्चीत तसंच बघत होते. दोन्ही आरसे एका नजरेत घेतले, तरच डावा खोटा होतो. मामा, तुम्ही सांगितलेलं जो ऐकेल तोच नापास होईल, असं मशीन मी बनवलं.

परवा पाठ टेकवून, डोकं मागे घेऊन बसले. तिथे सिलिंडर होतं, पिवळी पट्टी होती. माणूस नव्हता.

चूक एका ओळीत दुरुस्त झाली. पण आमचे साहेब म्हणतात की हे मशीन पाच-सहा प्लांटांत दिलं आहे, बोभाटा केला तर सगळे परत पाठवतील. मार्चच्या अपडेटमध्ये गुपचूप जाऊ दे, कोणाला कळणारही नाही. तुला पुढच्या महिन्यात टीमची लीड करायचं चाललंय, त्याचाही विचार कर, असं हसत म्हणाले.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही काहीतरी सबब काढून अनिताताईंची टेस्ट पुन्हा लावा. दुरुस्त केलेलं मी गुपचूप तुमच्या मशीनवर चढवते. त्या पास होतील, माझीही नोकरी राहील. कोणाचं नुकसान नको. एवढं कराल का?

पुनम


महाळुंगे, ६ फेब्रुवारी

पुनम,

आशीर्वाद लिहायचा राहिला म्हणून राग मानू नको.

सबब काढून टेस्ट लागत न्हाई. का लागत न्हाई ते मी तुझ्यापासनं लपवलं. रिपोर्टात मी नुसतं नापास लिहिलं न्हाई. 'सुरक्षेच्या बाबतीत खोटं सांगते' असं लिहिलं. माझ्या हातानं, सही करून. तुझा आरसा चुकंल ह्ये माझ्या डोक्यातच शिरंना. तेवढ्या एका ओळीवर तिचं फोर्कचं नाव कायमचं काढलं. ठेकेदाराला कळलं, त्यानं ह्या महिनाअखेर तिला घरी बसायला सांगितलंय. तिनं दुसऱ्या दोन कंपन्यांत विचारलं. हा कंपन्यांचा पट्टा केवढासा, सगळे सेफ्टीवाले एकमेकांचे दोस्त. गेटवरच न्हाई म्हणले. ह्ये मला काल कळलं. ती सांगायला आली न्हाई, दुसऱ्यांकडनं कळलं.

काल सेफ्टीच्या साहेबाकडं गेलो. म्हणलं, साहेब, माझं लिहिलेलं मी मागं घेतो. ते म्हणाले, मालोजीराव, तुमी त्या बाईवर दया खाताय. मशीन खोटं आणि ती खरी, ह्याला पुरावा काय? मी तुझं नाव घेतलं न्हाई. आधी तुला विचारावं म्हटलं.

गुपचूप करून तिचं काय व्हतंय सांग. टेस्ट पास झाली तरी खोटारडी ती खोटारडीच. मशीन चुकलं असं कोणीतरी कागदावर लिहून दिल्याबिगर तिचं नाव साफ व्हत न्हाई. आणि ते लिहिणारी तूच हायस, दुसरं कोणी न्हाई.

तुझी नोकरी मला काय परकी हाय का? प्रभानं तुला कशी शिकवली ते मी बगितलंय. पण पोरी, तुझ्या आरशापायी मी एका बाईला खोटी पाडली. मला रात्री जेवण जात न्हाई. तू तुझं बग. मी तुला जोर करत न्हाई, आणि तू न्हाई म्हणलीस तर माझं मन तुझ्यावरनं उडणार न्हाई असं बी मला लिहिता येत न्हाई.

मालोजीमामा


थेरगाव, १७ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

लिहिलं. तुमच्या सेफ्टीच्या साहेबांना, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. काय चुकलं, कुणाकडून चुकलं, कसं बसलं की दिसतं, सगळं. सोबत आरशाचे फोटो जोडले, आधीचा आणि नंतरचा. बाकीच्या प्लांटांनाही तेच पाठवलं.

चार दिवस मी काहीच केलं नाही हेही सांगते. तुमचं पत्र उशीखाली घेऊन झोपत होते आणि सकाळी ऑफिसला जाऊन गप्प बसत होते. आईला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, मालोजीदादाला मी लहानपणापासून ओळखते, पण मी त्या बाईलाही ओळखते. मी म्हटलं, तू कधी भेटलीस? म्हणाली, पोरींसाठी राबणाऱ्या बाईला ओळखायला भेटायला कशाला पाहिजे?

आज साहेबांनी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. कंपनीचं नुकसान केलंस म्हणाले, नोटीस हातात दिली, दोन महिन्यांत दुसरं बघ म्हणाले. आईला अजून सांगितलं नाही, आज सांगेन. तुम्ही तिला आधी काही कळवू नका.

मला खूप भीती वाटते आहे, मामा. पण जेवण जातंय.

अनिताताईंचं काय झालं ते कळवा.

तुमची,
पुनम


चाकण, १३ मार्च

पुनमताईंना,
अनिताचा नमस्कार.

आपली ओळख न्हाई. मामांनी पत्ता दिला आणि म्हणाले, तूच लिही, माझ्याच्यानं होत न्हाई. माझं शिक्षण दहावीपर्यंत, चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र आल्यावर प्लांटात सगळ्यांना एकत्र बोलावलं. मामांनी त्याच पोरांसमोर सांगितलं की बाई खरं बोलत होती, मी खोटं लिहिलं. बोलताना त्यांचा आवाज एवढा मोठा झाला की पार प्रेसशॉपमधून लोक आले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत न्हाई ना. मग टेस्ट पुन्हा झाली. डाव्या आरशात माणूस दिसला, मी थांबले, पास झाले. एक तारखेपासून गाडी दिली. माझ्या मुलींनी घरी पेढे वाटले. तुमची नोकरी गेली ते मामांनी सांगितलं. मला काय लिहावं ते कळत न्हाई. तुम्ही लिहिलं नसतं तर मी आज गावाकडं असते.

तरी तुम्हाला राग पण सांगते. तुम्ही मला बघितलं नव्हतं आणि चष्मा लावायला सांगितलंत. पोरं अजून मला 'चष्मा' म्हणतात. ते मला लागलं होतं. आता सांगून झालं, मनात ठेवत न्हाई.

पण एक होऊन बसलंय. इतके दिवस सगळे म्हणायलेत की तुला दिसलं ते खोटं, डोळे खराब, बाई खोटारडी. मीच मला विचारायले की बाई गं, नक्की दिसलं होतं का? घरी दुधावर साय आली का न्हाई ते पण मुलीला विचारायची. आता खऱ्या गाडीवर बसले की डाव्या आरशात मोकळी जागा दिसते आणि माझा पाय गाडी हलवत न्हाई. मी खाली उतरते, मागं जाऊन बघते, कोणी नसतं, परत चढते. परत आरसा बघते, परत उतरते. एका पेटीला लागतो तेवढा वेळ मला नुसतं बघायला लागतो. मागं गाड्यांची रांग लागते. सुपरवायझर चांगला माणूस आहे, पण त्यानं पण सांगितलं, महिनाभर बघू, न्हाईतर दुसरा माणूस घ्यावा लागेल. बरोबर आहे त्याचं.

मामा रोज येऊन सांगतात, पाठ टेकव, आरसा खरा आहे. मला माहीत आहे खरा आहे. साधा काचेचा आहे. तरी पाय हलत न्हाई.

म्हणून एक मागते. रविवारी प्लांट बंद असतो, मामांनी सेफ्टीच्या साहेबांची परवानगी काढून ठेवली आहे, तेही असणार आहेत. तुम्ही या. मी गाडी मागं घेताना तुमच्या मशीनमध्ये तो माणूस ज्या बाजूला उभा असायचा, त्या डाव्या बाजूला तुम्ही उभ्या राहा. मामा म्हणाले मी उभा राहतो. मी नको म्हणलं. त्यांना गाडीचा आवाज येत न्हाई. आणि मला तुम्हीच पाहिजेत. तुम्ही मला आरशात दिसलात की मी थांबेन. मग तुम्ही बाजूला सरका, मी मोकळी जागा बघून गाडी हलवीन. मग परत तुम्ही या. असं करत राहू, माझा पाय ऐकेपर्यंत.

भीती वाटली तर न्हाई म्हणा, मी समजून घेईन.

येणार असाल तर हिंदुरावकाका तुम्हाला सकाळी डांगे चौकातून घेतील. पिवळं जॅकेट आणि हेल्मेट इथं मिळतं. बूट तेवढे पुढून बंद असलेले घालून या.

तुमची,
अनिता